जुना गुन्हा आणि परदेशाची वाट

महाभारताच्या वनपर्वात द्वारकेच्या वेढ्याची कथा आहे. श्रीकृष्ण नगरीत नसताना शाल्वाने द्वारकेवर चाल केली. तेव्हा यादवांनी पूल मोडले, नौकांची ये-जा थांबविली, आणि एक कडक आज्ञा काढली. ज्याच्याजवळ मुद्रा नाही त्याने नगरीबाहेर जाऊ नये, आणि ज्याच्याजवळ मुद्रा नाही त्याला नगरीत घेऊ नये, अशी ती आज्ञा होती. परवान्यावाचून प्रवास नाही, या नियमाचा आपल्या वाङ्मयातील हा एक फार जुना उल्लेख होय. जिच्या नावातच द्वार आहे त्या नगरीच्या कथेत तो यावा, हे साजेसेच म्हटले पाहिजे.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, पालमच्या पलीकडे, त्याच नावाची एक मोठी उपनगरी गेल्या काही दशकांत उभी राहिली आहे. पप्पनकलां या नावाने तिची आखणी दिल्ली विकास प्राधिकरणाने केली आणि पुढे तिला द्वारका हे नाव मिळाले. देशातील सर्वांत गजबजलेला विमानतळ तिच्या शेजारीच आहे. २०११ साली विमानतळावरून थेट द्वारकेच्या एकविसाव्या सेक्टरपर्यंत मेट्रोचा मार्ग आला. त्याआधी, २००८ साली, जिल्हा न्यायालयाचे संकुल याच उपनगरीत सुरू झाले होते. त्यामुळे परदेशाचे दार आणि फौजदारी न्यायालयाचे दार ही दोन्ही तेथील रहिवाशाला घरापासून थोड्या मिनिटांच्या अंतरावर सापडतात.

अशा वस्तीत नोकरीनिमित्त येऊन स्थिरावलेले एखादे मराठी कुटुंब कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. गृहस्थ पन्नाशीला आलेले आहेत. मुलीचे लग्न झाले आहे. आयुष्यात एकदा तरी परदेश पाहावा म्हणून पतिपत्नींनी उन्हाळ्याच्या सुटीत पंधरा दिवसांची सहल ठरविली आहे. अर्ज समोर येतो आणि गृहस्थांचा हात एका प्रश्नापाशी थबकतो. पंचवीस वर्षांपूर्वी दिवाळीत मित्रांबरोबर पैसे लावून पत्ते खेळत असताना पोलिसांची धाड पडली होती. जुगाराच्या कायद्याखाली खटला होऊन दंडावर सुटका झाली होती. ही गोष्ट घरात कोणालाही ठाऊक नाही. ती आता लिहावयाची की नाही?

प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. शिक्षा भोगून झाल्यावर गुन्हा संपतो काय? आणि संपत असेल, तर तो कोणाच्या दप्तरी संपतो? या प्रश्नाची उत्तरे निरनिराळ्या काळांत निरनिराळी दिली गेली आहेत. त्यांचा मागोवा घेतला म्हणजे त्या गृहस्थांची अडचण थोडी निराळी दिसू लागते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. एक माषक घेऊन मुद्रा देणे हे त्याचे काम. मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे अथवा जनपदाबाहेर जावे, असा दंडक होता. मुद्रेवाचून फिरणाऱ्या रहिवाशास बारा पण दंड सांगितला आहे. खोटी मुद्रा बाळगणाऱ्यास मात्र पूर्वसाहसदंड, म्हणजे ४८ ते ९६ पण. आणि असे करणारा मनुष्य परक्या मुलखातला असेल तर त्याला सर्वांत जबर असा उत्तमसाहसदंड. हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. परवाना नसणे ही चूक झाली. परवान्यात लबाडी करणे हा गुन्हा झाला, आणि त्याची किंमत चौपटीहून कमी कधीच नव्हती. परक्या देशाच्या दाराशी केलेली लबाडी तर सर्वांत महाग.

शिक्षा केव्हा संपते, याचे उत्तर धर्मशास्त्राने निःसंदिग्ध शब्दांत दिलेले आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात असे सांगितले आहे की, पाप करून राजाकडून दंड भोगलेली माणसे निर्मळ होतात आणि पुण्यवंतांप्रमाणेच स्वर्गास जातात. दंड म्हणजे नुसता सूड नव्हे. दंड ही शुद्धी आहे, असा या विचाराचा गाभा. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली प्रसिद्ध केला. त्यात पातके आणि प्रायश्चित्ते यांचा जो विस्तृत ऊहापोह आहे, त्यावरून या विषयाचा आपल्या पूर्वजांनी किती बारकाईने विचार केला होता हे कळून येते.

मराठेशाहीत हा विचार व्यवहारात कसा उतरला होता, ते जुन्या कागदपत्रांत दिसते. अपराध्याला दोन ठिकाणी हिशेब चुकता करावा लागे. राजदंड सरकारात भरावयाचा आणि प्रायश्चित्त धर्माधिकाऱ्यांकडून घ्यावयाचे. त्यानंतर त्याचे गोत त्याला पुन्हा पंक्तीस घेई. या पुनःप्रवेशास गोतपत असा शब्द होता. पंक्तीस बसून सर्वांनी जेवण केले म्हणजे प्रकरण मिटले. पुढे तो विषय काढणे अनुचित समजले जाई. ही व्यवस्था जातिभेदावर उभारलेली होती आणि तिचे न्याय माणसामाणसांत भेद करीत, हे विसरून चालणार नाही. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट होती, जी आजच्या दप्तरांत सहसा आढळत नाही: अपराध संपल्याचा एक दिवस होता, आणि तो चारचौघांच्या साक्षीने ठरत असे.

गंमत अशी की, त्या आणि त्यानंतरच्या काळात परदेशगमन हाच पुष्कळांच्या दृष्टीने अपराध होता. समुद्र ओलांडून विलायतेस जाऊन आलेल्या मनुष्यास घरी परतल्यावर प्रायश्चित्ताचा आग्रह होत असे. जुना अपराध परदेशाच्या आड यावा, ही अडचण त्या वेळी उलटी होती. परदेश हाच अपराध बनून घराच्या आड येत असे.

इंग्रजी अमदानीत दंडाची कल्पना बदलली. शिक्षा आता नोंदीची बाब झाली. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत भारतात रूढ झाली आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांची जी कचेरी निघाली, ती जगातील पहिली म्हणून ओळखली जाते. पुढे १९२० साली मध्यवर्ती कायदेमंडळाने जे कायदे केले त्यांत तेहतिसाव्या क्रमांकाचा कायदा कैद्यांच्या ओळखीचा होता आणि त्याच्या पाठोपाठचा चौतिसाव्या क्रमांकाचा कायदा पासपोर्टचा. पहिल्याने गुन्हेगाराची मोजमापे घेण्याचा अधिकार दिला. दुसऱ्याने देशात येणाऱ्याजवळ पासपोर्ट असावा असा नियम करण्याचा. कायद्याच्या पुस्तकात ही दोन भावंडे शेजारी शेजारी बसलेली होती. आता ती दोन्ही राहिलेली नाहीत. पहिल्याची जागा २०२२ च्या कायद्याने घेतली आणि दुसऱ्याची २०२५ च्या. परंतु २०२२ च्या कायद्याने घेतलेली मोजमापे ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद केली आहे. खटल्याविना सुटलेल्या अथवा निर्दोष ठरलेल्या, आणि पूर्वी शिक्षा न झालेल्या, माणसाची नोंद तेवढी नष्ट करावयाची. दप्तराची स्मरणशक्ती माणसाच्या स्मरणशक्तीपेक्षा दीर्घ झाली, ती अशी.

नोंदीचे हे शास्त्र किती दूरवर जाऊ शकते, याचे उदाहरण महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात त्यांच्या वसाहती झाल्या. हजेरी द्यावयाची, आणि बाहेर जावयाचे तर पास घ्यावयाचा. ज्याने कधी चोरी केली नाही त्यालाही शेजारच्या गावी नातेवाइकांकडे जाण्यासाठी परवाना लागे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला, आणि त्या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. कायदा गेला तरी शिक्का पुसला गेला नाही, हे त्या समाजातून पुढे आलेल्या लेखकांनी आपल्या आत्मकथनांतून सांगितले आहे. शिक्षेची नोंद आणि प्रवासाचा परवाना यांची गाठ पडली म्हणजे काय होते, याचे याहून कठोर उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

त्या वसाहतींतील माणसाला शेजारच्या गावाचा पास लागे. सर्वसामान्य माणसाला परदेशाचा पास मात्र पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत बहुतेक देशांत फारसा कोणी मागत नसे. युद्धकाळात ही सक्ती आली, आणि तिचा उपयोग कसा होतो याचा अनुभव लोकमान्य टिळकांना लवकरच आला. त्यांना १८९७ साली राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झालेली होती. १९१८ साली स्वराज्याची मागणी मांडण्यासाठी ते सहकाऱ्यांसह विलायतेस जाण्यास निघाले आणि कोलंबोपर्यंत पोचले. तेथे परवाने रद्द झाल्याचे कळले आणि मंडळी परत फिरली. पुढे त्याच वर्षी, व्हॅलेंटाइन चिरोल या लेखकावर त्यांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यासाठी म्हणून, त्यांना जाण्याची परवानगी मिळाली, ती राजकारण न करण्याच्या अटीवर. ही अट पुढे सुटली. परंतु खटला फेब्रुवारी १९१९ मध्ये त्यांच्या विरुद्ध गेला. प्रतिपक्षाचे वकील एडवर्ड कार्सन यांनी टिळकांच्या जुन्या शिक्षाच त्यांच्यापुढे आणि ज्यूरीपुढे मांडल्या होत्या. भोगून झालेली शिक्षा हजारो मैल ओलांडून लंडनच्या न्यायालयात त्यांच्या आधी जाऊन बसली होती.

टिळकांचा अपराध क्षुल्लक नव्हता, आणि त्यांच्या देशबांधवांच्या दृष्टीने तो अपराधही नव्हता. राजकीय अपराधाची ही दुहेरी प्रतिष्ठा परदेशांच्या कायद्यांनीही पुढे ओळखली. अमेरिकेच्या प्रवेशाच्या कायद्यात निव्वळ राजकीय गुन्ह्याला सूट आहे. पंडित नेहरू नऊ वेळा तुरुंगात गेले होते, आणि १९४९ च्या ऑक्टोबरात तेच अमेरिकेचे सन्मान्य पाहुणे झाले. त्या पिढीला तुरुंगवास हा मानाचा तुरा होता. दिवाळीतल्या जुगाराला, दारूच्या नशेत गाडी चालविल्याच्या खटल्याला, अथवा तरुणपणी झालेल्या मारामारीला मात्र असा तुरा लाभत नाही. म्हणून सामान्य माणसाच्या जुन्या गुन्ह्याचा प्रश्न अधिक अवघड. त्याच्या बाजूने बोलावयास इतिहास उभा राहत नाही, कायद्यालाच बोलावे लागते.

स्वातंत्र्यानंतर कायदा पुष्कळ काळ बोललाच नाही. पारपत्र हा सरकारचा कागद आहे, तो कोणास द्यावयाचा हे सरकार ठरवील, अशी भूमिका होती, आणि देशाबाहेर जाण्याचे नियमन करणारा कायदाच अस्तित्वात नव्हता. या भूमिकेला धक्का देणाऱ्यांत मुंबई उच्च न्यायालय आघाडीवर होते. चोइथराम जेठवानी यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती विठ्ठल महादेव तारकुंडे यांनी, आणि नंतर अपिलात मुख्य न्यायमूर्ती तांबे यांच्या पीठाने, परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. दिल्ली उच्च न्यायालयाचे मत उलट पडले होते.

वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला तो सतवंतसिंग साहनी यांच्या अर्जामुळे. साहनी हे व्यापारी होते. आयात परवान्यासंबंधी गुन्ह्याचा संशय असल्यामुळे त्यांच्याकडून पारपत्रे परत मागण्यात आली होती. १० एप्रिल १९६७ रोजी मुख्य न्यायमूर्ती सुब्बा राव आणि त्यांच्याशी सहमत असलेले दोन न्यायमूर्ती अशा तिघांनी, दोघांच्या विरुद्ध मताने, निकाल दिला: परदेशी जाण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे, आणि कायद्यावाचून तो हिरावून घेता येत नाही. सरकारने लगेच मे महिन्यात वटहुकूम काढला आणि २४ जून १९६७ रोजी पारपत्र अधिनियम अमलात आला. जी गोष्ट मेहेरबानी होती ती हक्क झाली. आणि हक्क झाल्यामुळेच तिच्या मर्यादा कागदावर लिहून ठेवणे सरकारला भाग पडले. १९७८ साली मनेका गांधी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यापुढे एक पाऊल टाकले. नुसता कायदा असून भागत नाही, त्याने सांगितलेली रीत न्याय्य, योग्य आणि वाजवी असली पाहिजे, असे ठरले.

जुन्या गुन्ह्याचा विचार १९६७ च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमात आहे. पारपत्र नाकारण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. गुन्हा नैतिक अधःपतनाचा असला पाहिजे. त्याबद्दल निदान दोन वर्षांची कैद झालेली असली पाहिजे. आणि ती शिक्षा अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत ठोठावलेली असली पाहिजे. या तिहींपैकी एकही गोष्ट नसेल, तर त्या शिक्षेच्या कारणावरून पारपत्र नाकारता येत नाही. याचा अर्थ असा की, द्वारकेतील त्या गृहस्थांच्या दंडाला या कलमात जागाच नाही. आणि ज्याने दोन वर्षांची कैद भोगली आहे, त्यालाही काळ पुढे गेल्यावर हे कलम मोकळे करते. मनूने जे स्वर्गाच्या भाषेत सांगितले ते संसदेने वर्षांच्या भाषेत सांगितले; अपराधाला शेवट असतो. १९५८ चा परिवीक्षा अधिनियम हाच विचार निराळ्या वाटेने मांडतो. ज्याला न्यायालय ताकीद देऊन अथवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडते, त्याला त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागू नये, असे त्यात म्हटले आहे.

संपलेल्या गुन्ह्यापेक्षा न संपलेला खटला अधिक आडवा येतो, ही गोष्ट मात्र लोकांच्या ध्यानात येत नाही. फौजदारी न्यायालयात खटला चालू असेल, तर पारपत्र नाकारण्याचा अधिकार त्याच सहाव्या कलमाने दिला आहे. मग तो खटला किरकोळ का असेना. १९९३ च्या ऑगस्टमधील अधिसूचनेने यातून वाट काढली. ज्या न्यायालयात खटला चालू आहे त्याने परवानगी दिली तर पारपत्र मिळते, न्यायालय ठरवील तेवढ्या मुदतीचे. मुदत न सांगितल्यास एक वर्षाचे. म्हणून शिक्षा झालेला मनुष्य निर्धास्तपणे विमानतळाकडे जातो, आणि आरोप शाबीत न झालेल्या त्याच्या शेजाऱ्याला आधी न्यायालयाचा जिना चढावा लागतो. हे पाहणाऱ्यास विचित्र वाटते, परंतु त्यामागचे कारण सरळ आहे. एकाचा हिशेब पुरा झाला आहे, दुसऱ्याचा व्हावयाचा आहे.

येथवर प्रश्न बाहेर पडण्याच्या दाराचा झाला. दुसरे दार परक्या देशाचे आहे आणि त्याची किल्ली त्या देशाच्या हाती आहे. तेथे भारतीय संसदेने केलेली क्षमा चालत नाही. भारतीय पारपत्राच्या अर्जात शिक्षेसंबंधीचा प्रश्न गेल्या पाच वर्षांपुरता विचारलेला असतो. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तो पूर्ण आयुष्याविषयी असतो: कधीही अटक अथवा शिक्षा झाली आहे काय? नंतर माफी मिळाली असली तरी ती गोष्ट सांगावयाची आहे. एका अर्जावर ‘नाही’ हे खरे उत्तर, दुसऱ्यावर ‘होय’ हे खरे उत्तर, आणि माणूस तोच. पुष्कळांची चूक होते ती येथे. आपल्या सरकारने विचारले नाही म्हणून दुसऱ्या सरकारला सांगावयाचे कारण नाही, असा त्यांचा समज होतो.

प्रश्नाचा आवाका मोठा असला तरी उत्तराचा परिणाम बहुधा तेवढा मोठा नसतो. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यासाठी प्रवेश नाकारण्याची प्रथा अमेरिकेने १८९१ साली कायद्यात आणली. परंतु त्याच कायद्यात आज क्षुल्लक गुन्ह्याचा अपवाद आहे. तो एकच गुन्हा असावा, त्याला एक वर्षाहून अधिक कैदेची तरतूद नसावी, आणि प्रत्यक्ष शिक्षा सहा महिन्यांहून अधिक झालेली नसावी, एवढ्या त्याच्या अटी आहेत. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठराविक काळानंतर जुनी शिक्षा संपली असे मानले जाते. परदेशीयांच्या प्रवेशाला मात्र तो लाभ मिळत नाही, आणि संपलेली शिक्षाही सांगावी लागते. तरी दंडाच्या अथवा तत्सम शिक्षेला वर्ष उलटून गेले असेल, तर अल्पकाळच्या पाहुण्याला केवळ त्यावरून प्रवेश नाकारलाच पाहिजे असे बंधन तेथील नियमांत नाही.

कॅनडाचे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. तो देश परदेशात झालेला गुन्हा आपल्या कायद्याच्या मापाने मोजतो. मद्य पिऊन वाहन चालविल्याबद्दल भारतात पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंतची कैद अथवा दहा हजार रुपये दंड सांगितला आहे. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून त्याच गुन्ह्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली, आणि त्यामुळे तो गंभीर गुन्ह्यांत जमा झाला. दिल्लीत ज्या प्रकाराला लोक पावती फाडली असे सहज म्हणतात, तोच प्रकार टोरांटोच्या खिडकीशी गंभीर ठरू शकतो. गुन्हा लहान की मोठा, हे तो करणाऱ्याने ठरवावयाचे नसते, आणि ज्या देशात तो घडला त्यानेही एकट्याने नाही.

म्हणून या सर्व इतिहासातून व्यवहाराची जी गोष्ट हाती लागते ती कौटिल्याच्या दंडाच्या कोष्टकातलीच आहे. गुन्ह्याची किंमत मर्यादित असते, लबाडीची नसते. व्हिसासाठी जाणूनबुजून खोटे सांगणारा मनुष्य अमेरिकेच्या कायद्याने कायमचा अपात्र ठरतो. ती अपात्रता विशेष सूट मिळाल्यावाचून उठत नाही. ब्रिटनचे दार अशा लबाडीमुळे दहा वर्षे बंद होऊ शकते. आपल्याकडेही पारपत्रासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अथवा दंडाचा गुन्हा आहे, आणि माहिती दडविल्याचे उघडकीस आल्यास पारपत्र जप्त करता येते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या काही रुपयांच्या दंडासाठी आज नवा गुन्हा पदरी घेणे, हा सौदा कोणत्याही हिशेबाने तोट्याचा आहे. पूर्वी पोलीस ठाण्याची वही त्या ठाण्यातच राहत असे. आता नोंदी देशभर जोडल्या जात आहेत, तेव्हा दडविण्याचा भरवसाही उरलेला नाही.

सांगावयाचे ठरले म्हणजे काम फार नसते. ज्या न्यायालयात निकाल झाला तेथून त्याची प्रमाणित नक्कल काढावी. दंड भरल्याची पावती असल्यास जोडावी. मुदत उलटल्यामुळे कागद नष्ट झालेले असतील, तर तसा दाखला मागावा. काय झाले, केव्हा झाले, काय शिक्षा झाली आणि ती केव्हा पुरी झाली, एवढे सरळ शब्दांत लिहावे. सबबी लिहू नयेत, आणि कोणावर दोषही ढकलू नये.

खरी अडचण कागदाची नसतेच. ती लाजेची असते. कायद्याने पाच वर्षांत जे सोडून दिले ते माणूस पंचवीस वर्षे उराशी धरून बसतो, कारण ते संपल्याचे त्याला कोणी चारचौघांत सांगितलेले नसते. गोतपताचा दिवस गेला, आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. न्यायालय शिक्षेचा दिवस ठरविते, सुटकेचा दिवस तुरुंग ठरवितो. परंतु ‘आता झाले, ये, पंक्तीस बस’ असे म्हणणारे कोणी नाही. तेव्हा अर्जातला तो प्रश्न माणसाला चौकशीसारखा न वाटता पुन्हा एकदा उभ्या केलेल्या आरोपासारखा वाटतो, आणि भलताभलता मनुष्य तेथे खोटे लिहून मोकळा होतो.

द्वारकेतील त्या गृहस्थांना अर्जात दोन ओळी लिहावयाच्या आहेत: साल, कायद्याचे नाव, दंडाची रक्कम. त्याआधी पत्नीस सांगावयाचे आहे. दोहोंत हे दुसरे काम अधिक कठीण, यात शंका नाही. परंतु मुलाखतीच्या खिडकीशी दोघांना बरोबरच उभे राहावयाचे आहे, आणि तेथील अधिकारी तोच प्रश्न मोठ्याने विचारणार आहे. तिला तो अधिकाऱ्याकडून प्रथम कळण्यापेक्षा घरी, चहाच्या वेळी, त्यांच्याच तोंडून कळलेला बरा.